मानपत्रातली दंतकथा

माझ्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा कुंडलला आमच्या आजेसासऱ्यांचा ऐंशीचा सत्कार ठरला. एम.ए. झालेली सून म्हणून मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. घरात सगळे सांगायचे तेच मी लिहिलं, "कवठे महांकाळच्या पैलवानाला त्यांनी दोन मिनिटांत चितपट केलं. ती कुस्ती आज दंतकथा झाली आहे."

माइकवर एवढं वाचते न वाचते तोच पहिल्या रांगेतले एक पटकेवाले म्हातारे काठी टेकत उठले. "सूनबाई, दंतकथा म्हंजी काय वो?"

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. भावकीसमोर चुकले असते, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मी कागद घट्ट धरून म्हणाले, "मोठ्या माणसाची, तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट. खरी का खोटी, हे सांगायला कुणी उरलेलं नसतं."

"मी उरलोय की! कवठ्याचा पैलवान त्यो मीच. तासभर झोंबलो आन् कुस्ती बरोबरीत सुटली."

सगळ्या माना आजेसासऱ्यांकडे वळल्या. त्यांनी सावकाश फेटा सारखा केला.

"पोरी, खोडू नगंस. कागद जपून ठेव, ह्यो गेल्यावर वाच."

"आन् तू आदी गेलास तर?" कवठ्याचे पाहुणे म्हणाले. "मग मीच वाचीन की रं, दोन नावांची आदलाबदल करून."