बर्नाडेटबाईंचा कोट

...आणि वर लोक मलाच विचारतात, ‘लाकूड ओलं होतं का रे?’ ओलं कसलं? दोन उन्हाळे गोठ्यामागे रचून ठेवलेलं मेपल होतं ते, ओंडक्यावर ओंडका आपटला की खणखणीत वाजायचं. पण तुम्हाला सांगतो, आमच्या मेन राज्यात, अमेरिकेच्या या गारठलेल्या कोपऱ्यात, घर गार पडलं की आधी लाकडावर संशय, मग माणसावर. शेकोटीला कुणी बोलत नाही. आजोबांनी बांधलेली ती, दिवाणखान्याची अर्धी भिंत व्यापून बसलेली, तोंड एवढं मोठं की आत वासरू उभं राहील. ढीगच्या ढीग लाकूड खाते, जाळ कसा, बघत राहावं असा. आणि ऊब? वर. सगळी धुराड्यातून वर. आमच्याकडचे कावळे थंडीभर त्या धुराड्याच्या कडेला बसून पोटं शेकतात, खाली मी जेवतो कोट घालून आणि झोपतो टोपी घालून.

माझं एकट्याचं चाललं असतं हो. पण नोएला... आता चारचौघांत कसं सांगू, मला बोलायची सवय नाही, बटाटे काढायच्या सुट्टीत शेतावर गेलो तो पुन्हा शाळेत परतलोच नाही, चारचौघांत कुठे बसलो मी. तर नोएला लग्नाला हो म्हणाली. म्हणजे जवळजवळ हो. म्हणाली, “ओरिन, माझं काही नाही रे, पण आईनं तुझ्या दिवाणखान्यात बसून अंगातला कोट काढला पाहिजे. त्याशिवाय ती मला या घरात पाठवायची नाही.”

घ्या. माझा संसार एका कोटावर अडला.

तिची आई, बर्नाडेटबाई, पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी एवढा जाळ केला की भिंती लाल दिसायला लागल्या. बाई जवळ सरकून बसल्या. थोड्या वेळानं म्हणतात कशा, “पुढून भाजले, मागून गोठले. आता काय सळईवरच्या कोंबडीसारखी स्वतःला फिरवत बसू?” कोट राहिला अंगात, वरून माझंच घोंगडं मागून घेतलं. आणि ऊब? वर.

मग शेजारचे विल्बर काका आले. स्वतः विजेच्या ब्लँकेटमध्ये बसतात, पण शेकोटीवर बोलायला लागले की थांबत नाहीत. “अरे बाबा, तुझी शेकोटी खोलीतलीच गरम हवा ओढते आणि धुराड्यातून फेकते. जाळ वाढवशील तेवढी जास्त ओढेल. मागे बिडाची जाड प्लेट उभी कर, ती तापली की ऊब पुढे फेकेल. तोंडाला काचेची दारं लाव. धुराड्याची झडप थोडी लोट, पूर्ण नको, नाहीतर धुरानं मरशील आणि लग्न राहील बाजूला.”

केलं. सगळं केलं. प्लेट उचलताना कंबर धरली, झडपेनं वर्षानुवर्षांची काजळी डोक्यावर ओतली, पण केलं. शनिवारी सकाळी पेटवली ती विझू दिली नाही, आणि रविवारी दुपारी खोली अशी तापली की माझी टोपी माझ्या हातानं उतरली! बाई आल्या. बसल्या. वरचं बटण काढलं... दुसरं काढलं... आणि तुम्हाला सांगतो, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. नोएलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी आढ्याकडे बघायला लागलो.

बाई उठून स्वयंपाकघरात हात धुवायला गेल्या.

“ओरिन, तुझ्या नळाला पाणी नाही रे.”

मी धावलो. पाणी कुठलं? नळाच्या तोंडाशी बर्फाची शेंडी. लोणी दगड झालेलं. न्हाणीघराचा पाइप उभा चिरलेला. कारण काय, तर पाणी गोठू नये एवढंच घर गरम ठेवणारी तळघरातली तेलाची भट्टी चालूबंद करणारा थर्मोस्टॅट आजोबांनी बसवला होता दिवाणखान्यात, शेकोटीच्या शेजारी. ती खोली तापली, त्याला वाटलं सगळं घर तापलं, त्यानं शनिवारीच भट्टी बंद करून टाकली. म्हणजे इतकी वर्षं शेकोटी निकामी होती म्हणून बाकीचं घर जिवंत होतं, हे मला कुणी सांगायला नको? विल्बर काका म्हणाले, “शेकोटीचं विचारलंस, शेकोटीचं सांगितलं.”

बाई परत आल्या. कोट घातला. बटणं लावली, गळ्यापर्यंत. मी म्हटलं, संपलं.

म्हणाल्या, “पोरगा कष्टाळू आहे. पोरगा चालेल. घर नको.”

तर लग्न ठरलंय. मी घरजावई होणार. पाइप फुटल्यापासून बाईंकडेच राहायला आलोय, नवीकोरी भट्टी आहे त्यांच्याकडे, कुणी घरात कोट घालत नाही. फक्त लग्न होईपर्यंत बाईंनी नोएलाची खोली ठेवली आहे माडीवर, आणि माझी खाट टाकली आहे तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी. बटाट्यांना गारवा लागतो म्हणून भट्टीची गरम हवा तिकडे सोडणारी झडप बंद असते.

आणि ऊब?

वर.