टेकडीवरचं वळण

भाऊ : पुन्हा तोच मार्ग आखलास? ताई, आता डोळे मिटूनही विमान नेईन मी.

ताई : तेच तर! तुला पाठ झालाय, तसा शत्रूच्या लोकांनाही झाला असेल.

भाऊ : झाला तर झाला. आमचं विमान त्यांच्या रडारला दिसतच नाही.

ताई : समोरून नाही दिसत. टेकडीवर वळताना कलतं, पोट उघडं पडतं. तेव्हा दिसतं.

भाऊ : क्षणभर गं! तेवढ्यात शोधणार कुठे? आभाळ काय लहान आहे?

ताई : शोधायचंय कशाला? दर वेळी तीच टेकडी, अंधार पडला की लगेच. नुसतं टपून बसायचं.

भाऊ : आणि दर वेळी आम्ही सुखरूप येतो. म्हणून तर साहेब मार्ग बदलत नाहीत. हवेत इंधन देणारं विमानही वाटेत ठरल्या जागी भेटतं, सगळं जमून गेलंय.

ताई : मागच्या खेपेला टेकडीपलीकडचं रडार बंद होतं ना?

भाऊ : चिडीचूप. साहेब म्हणाले, कंटाळले बिचारे.

ताई : कंटाळले म्हणे! आधी रात्रभर रडारनं आभाळ चाचपडत असायचे. आता चाचपडत नाहीत. तू वळशील तेव्हाच चालू करायचं ठरवलं असेल, तर?

भाऊ : हे साहेबांना बोललीस?

ताई : बोलले. ते म्हणाले, पोरांना घाबरवू नका. माझ्या जिवाला घोर लागलाय रे.

भाऊ : तू लहानपणापासून अशीच. उगाच काहीतरी डोक्यात घेतेस.

ताई : बरं. आज तू उडणार, हे आईला कुणी सांगितलं?

भाऊ : कुणीच नाही. सांगायची बंदीच आहे.

ताई : मग सकाळी फोनवर माझ्यापाशी रडली का? म्हणाली, "आज त्यानं मला विचारलं, औषध घेतलंस का."

भाऊ : त्यात काय एवढं?

ताई : एरवी कधी विचारतोस? उडायच्या दिवशीच विचारतोस. तिला कुठे रडार लागलं?

भाऊ : ...दुसरा मार्ग आहे तुझ्याकडे?

ताई : नदीवरून. लांबचा आहे, वेळही वेगळी. साहेब म्हणतात, वैमानिकानं स्वतः मागितला तरच.

भाऊ : दे इकडे. नाही म्हणाले, तर आज विमानात पाऊल ठेवत नाही मी.

(तो साहेबांच्या खोलीत जातो. ताई येरझाऱ्या घालत राहते. बऱ्याच वेळानं तो बाहेर येतो.)

ताई : काय म्हणाले? बोल ना!

भाऊ : खूप झापलं. पण टेकडी रद्द.

ताई : हुश्श!

भाऊ : आणि आईचं काय करू? यापुढे फोनच नको करू का?

ताई : वेडा आहेस. रोज कर. उडणार नसलास तरी.