मुठीतला जुना गिअर

मला कोणी शिकवलं नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणीच्या गेटवर चहा विकता विकता नुसत्या आवाजावरून मला डंपर कळायला लागले, हे आधी मान्य करा, मग सांगते.

माझा धाकटा भाऊ देवाजी डंपर चालवायचा. जुन्या डंपरला क्लच नव्हता, पण गिअर हाताने टाकावा लागे. पंच्याऐंशीच्या सुमारास नवे आले, ते गिअर आपले आपणच बदलत. ते चालवायच्या चाचणीत नापास होईल त्याला डंपर सोडून गेटवर पहाऱ्याला बसावं लागणार होतं.

सरावात इंजिनचा आवाज चढला, की देवाजीचा उजवा हात सवयीने शेजारच्या गिअरच्या दांड्यावर जाई आणि डंपर न्यूट्रलमध्ये पडे. नवे ड्रायव्हर हसत.

"बाई, हात ऐकूनच नाई राह्यला," तो रडकुंडीला आला.

"वीस वर्षांची सवय हाय, हाताचा काय गुन्हा? त्याले दुसरं काम दे," म्हणत मी त्याच्या उजव्या मुठीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा ओतला. "मूठ उघडशीन तं सांडन."

चाचणीत मूठ उघडली नाही. भरलेला डंपर चढ चढून गेला. चाचणी घेणाऱ्या साहेबांनी पास केलं आणि विचारलं, "मुठीत काय आहे?"

"जुना गिअर हाय, साहेब," देवाजी म्हणाला. "चार दिवस सोबत राहू द्या."