तळ्यातला जपानी

...आणि वर मलाच विचारतात, "काऊन हो प्रभाकरराव, ते जनावर आणलं कुठून तुमी?" आणलं! जसं काही मी ते वर्धा स्टेशनावर मालगाडीतून उतरवून घेतलं, पावतीवर सही केली आणि बैलगाडीत घालून गावच्या तळ्यात नेऊन सोडलं! अहो, सत्तावीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. बी. ए. झालोय, तर्कशास्त्र घेऊन! दोन कलेक्टरांशी आणि एका मंत्र्याशी तोंडावर भांडलोय. मी बातमी दिली हो, भूत नाही दिलं! आणि तुम्हाला खरं सांगतो, ती बातमीसुद्धा नव्हती... तिथंच तर सगळं बिघडलं.

त्याचं असं झालं, मे महिना. कोर्ट बंद, कॉलेज बंद, मंत्री थंड हवेला, आणि वर्ध्याचं ऊन असं की भांडायलासुद्धा कोणी घराबाहेर पडत नाही. मग बातमी कुठून येणार? अशात नागपूरहून आमच्या संपादकांचं कार्ड: "रविवारच्या पुरवणीत दीड रकाना रिकामा आहे. काहीतरी चटकदार पाठवा." चटकदार! मी काय चिवड्याचं दुकान काढलंय?

पण मला आठवला प्रेमदास. प्रेमदास म्हणजे केळझरच्या अलीकडे कोसभर एक गाव आहे, तिथल्या वस्तीतला माणूस. लढाईत लष्करात मोटार चालवायचा. सिंगापूर पडलं आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत गेली. तिथं एका म्हाताऱ्या जपानी आचाऱ्याच्या हाताखाली रताळी सोलायला बसवलेला. तो म्हातारा कोळशानं जमिनीवर चित्रं काढून याला तिकडच्या भुतांच्या गोष्टी सांगायचा. आता प्रेमदास वर्ध्याला कापसाच्या एका जिनात चौकीदार. मी गेलो, विडी पुढं केली, म्हटलं, सांग.

सांगतो काय, "साहेब, तिकडं एक बाई राह्यते. दिवसा आपल्यासारखीच. झोपली का तिची मान लांबते... लांबते... अन् डोकं खिडकीतून बाहेर जाऊन गावभर फिरून येते." दुसरी बाई, तिला तोंडच नाही! सोललेल्या अंड्यासारखं सपाट. आणि तिसरं तर शाळेच्या संडासात असतं म्हणे. आपण बसलो की आवाज येतो, "लाल कागद पायजे का निळा?" लाल म्हटलं तर गळा कापतं, निळा म्हटलं तर रक्त पितं. मी हादरलो ना! म्हटलं, "प्रेमदास, मग सुटायचं कसं?" तो विडीचा झुरका घेऊन शांतपणे म्हणतो, "आपल्याले काय भेव साहेब? आपल्याकडं लोटा राह्यते. ते भूत इकडं उपाशी मरंल."

म्हटलं, "अरे पण, बुद्धाच्या देशात इतकी भुतं?" नुकतीच गेल्या दसऱ्याला त्याच्या सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, म्हणून डिवचलं. तर म्हणतो, "बुद्ध आपल्याकडून गेला साहेब. भुतं त्यायच्या घरचीच."

मग त्यानं सांगितला तो काप्पा. पाण्यात राहतो. पोराएवढा, पाठीवर कासवाची ढाल, पक्ष्याची चोच, आणि टाळूवर बशीसारखा खळगा, त्यात पाणी. त्या पाण्यात त्याची सगळी ताकद. माणूस पाण्यात उतरला की घोटा धरतो आणि ओढतो आत. बैलसुद्धा ओढतो! उपाय एकच. काप्पा भारी शिष्टाचाराचा. आपण कमरेत वाकून नमस्कार केला की त्याला परत वाकावंच लागतं, टाळूचं पाणी सांडतं, ताकद खलास.

मी फर्मास लिहिलं. पहिल्या परिच्छेदात जपान, म्हातारा आचारी, सगळा खुलासा. दुसऱ्या परिच्छेदात, वाचकाला चित्र दिसावं म्हणून, प्रेमदासच्याच गावचं तळं घातलं: समोर पायऱ्या, ऐन दुपार, आणि पाण्यातून वर येणारा तो ओला हात... आता आमच्या धंद्याची रीत ऐका. बातमीदाराचा मजकूर आला की वर ठिकाण, तारीख आणि "आमच्या बातमीदाराकडून" असं ठोकायचं. मग आत कापूस असो की काप्पा! आणि जागा कमी पडली की परिच्छेद उडवायचा. शहाणा उपसंपादक शेवटचा उडवतो. आमच्यानं पहिला उडवला! मागाहून विचारलं तर म्हणतो, "प्रास्ताविक होतं, काढलं." अरे गृहस्था, त्या प्रास्ताविकात जपान होतं! अख्खा देश उडवलास तू!

म्हणजे छापून काय आलं? केळझर, तारीख अमुक, आमच्या बातमीदाराकडून: जवळच्या गावच्या तळ्यात जनावर, घोटा धरून ओढते! गावात मास्तरांनी पारावर मोठ्यानं वाचलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात पुंडलिकराव पोलीस पाटलांचं वासरू त्या तळ्यात बुडून मेलं. झालं! मी बातमी दिली, भूत नाही दिलं... पण ऐकतो कोण?

आता हे पुंडलिकराव काय चीज आहे ते कळायला हवं. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर वस्तीच्या बायांनी पाय ठेवू नये म्हणून हा माणूस दोन वर्षं भांडलेला. अर्ज झाले, तहसीलदार आले, शेवटी वस्तीला अलीकडच्या पायऱ्या मिळाल्या. हा टपलेलाच होता. त्यानं काय करावं? अलीकडच्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे टाकले! मी जाब विचारायला गेलो तर सुपारी कातरत म्हणतो, "तुमचाच पेपर सांगून राह्यला ना साहेब? लोकायचा जीव वाचवतो मी." माझाच पेपर माझ्यापुढे घडी घालून ठेवला हो त्यानं! सत्तावीस वर्षांत असं तोंड कोणी बंद केलं नव्हतं माझं.

आणि प्रेमदासची बायको, आनंदाबाई. तिथून वस्तीत गेलो, तर ती दारात उभी. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. म्हणाली, "आमची विहीर आटली. दोन मैलांवर नाल्यात झिरे खोदून वाटीवाटीनं पानी भरून राह्यलो आमी. सुनेले आठवा महिना. काल भरल्या घागरीसकट भोवळ येऊन पडली. पेपरात तुमी टाकलं न? आता तुमीच काढा." मी म्हटलं, "बाई, मी बातमी दिली, भूत..." आत ती पोर भिंतीला टेकून बसली होती, ओठ सोललेले.

संपादकांना तार केली: खुलासा छापा. उत्तर आलं, "खुलाशाने पत्राची पत जाते. अंक हातोहात खपला. दुसरा भाग पाठवा."

दुसरा भाग! मग मी म्हटलं, ठीक आहे, मीच होतो दुसरा भाग! गावात दवंडी द्यायला लावली: उद्या भर दुपारी, सगळ्यांदेखत, बी. ए. झालेला माणूस तळ्यात उतरून दाखवेल की तिथं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सगळा गाव तळ्यावर. पलीकडे पुंडलिकराव छत्री घेऊन, अलीकडे काट्यांमागे वस्ती. वारा नाही. पान हलत नाही. हजारभर माणसं आणि एक शब्द नाही... मी धोतर खोचलं, काटे ओलांडले. पहिली पायरी. शेवाळ. दुसरी. पाणी वर चहासारखं गरम आणि खाली, गुडघ्याच्या खाली, एकदम गार. इतकं गार का असावं हो? मी मनात तर्कशास्त्र म्हणू लागलो: सर्व काप्पे जपानात असतात, हे तळं जपानात नाही, म्हणून... तेवढ्यात समोर एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. जरा जवळ. मग तिसरा, अगदी जवळ! आणि ते वासरू? वासराला पोहता येतं की हो! मग ते बुडालं कसं? हा प्रश्न मला काठावर का नाही सुचला? चौथी पायरी... पायरीच नाही! पाय खाली गाळात, मांडीपर्यंत, आणि घोट्याला... तुम्हाला सांगतो, घोट्याला कुणीतरी धरलं.

धरलं म्हणजे धरलं! मी ओढला तर त्यानं आवळला. आणि मग मी, बी. ए., दोन कलेक्टरांपुढं न वाकलेला माणूस, हजार लोकांसमोर, कमरेत वाकलो. हात जोडून! नाक पाण्याला लागेपर्यंत! एकदा नव्हे, तीनदा!

काय पळापळ झाली पलीकडे! "आहे! आहे बापा! साहेब पाया पडून राह्यला त्याच्या!" छत्री एकीकडे, पुंडलिकराव दुसरीकडे. मी बातमी दिली होती हो... भूत मी आत्ता दिलं!

आणि इकडून काटे मोडल्याचा आवाज. आनंदाबाई. डोक्यावर घागर, ताठ. वर्ध्याहून आलेला प्रेमदास मागून ओरडतोय, "अवं, आधी वाक! वाकल्याबिगर ते सोडत नाई!" ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "लय वाकलो आतापर्यंत. आता कोनापुढं वाकत नसतो आपण. त्याले धरायचं तर धरू दे." आली, माझ्या शेजारी उभी राहिली, गाळात हात घातला, हिसडा मारला आणि वर काढला एक कुजका, फास पडलेला कासरा. बैलाचा. "घ्या," म्हणाली, "तुमचं जपान." आणि घागर भरून सरळ वर गेली. तिच्यामागं सगळ्या वस्तीच्या बाया. संध्याकाळी सुनेनं पोटभर पाणी पिऊन आंघोळसुद्धा केली.

पण पलीकडच्या, पाटलाच्या आळीनं कासरा कुठं पाहिला? ते तेव्हा घरात, कड्या लावून! त्यांनी पाहिला तो माझा नमस्कार. आठ दिवसांत त्यांचीही विहीर आटली, आणि तळ्यात उतरायला एक माणूस तयार होईना. नवव्या दिवशी पुंडलिकरावांची बायको रिकाम्या घागरी घेऊन काठावर येऊन उभी राहिली. खाली आनंदाबाई पाण्यात. मग आनंदाबाईच म्हणाली, "आना इकडं बाई. भरून देतो. पन उतरवून घ्याले दोन पायऱ्या खाली याजा." आणि ती आली हो, दोन पायऱ्या खाली! तेव्हापासून रोज सकाळी सगळी पाटलाची आळी वस्तीच्या हातचं पाणी भरून नेते. पुंडलिकराव तेवढा वेळ घरात पाठ करून बसतो.

सत्तावीस वर्षांत अशी बातमी मला मिळाली नव्हती. जिवाचं रान करून लिहिली. नावं, तारखा, साक्षीदार, एकूण एक खरं. प्रास्ताविकच ठेवलं नाही! चौथ्या दिवशी मजकूर परत. वर लाल पेन्सिलीनं संपादकांची एक ओळ: "पाटलाच्या घरचे वस्तीचे पाणी पितात हे कुणाला पटेल? वाचकांचा आपल्यावर विश्वास आहे, तो जपा."

जपतोय... दुसरं काय करणार?