मापाड्याच्या लेकीवर तेलचोरीचा आळ

माझं माहेर लासूर स्टेशन. बाप तिथं आडतीवर मापाडी, जल्मभर काट्यापाशी उभा, अन् मी त्याच्या पायापाशी सांडलेले दाणे गोळा करत मोठी झाले. बाप दाखवायचा, पोरी, हे मापटं एकच, पण बाजरी भरली तर येगळं वजन अन् सरकी भरली तर येगळं. सातवी झाले, लग्न होऊन पडेगावला आले, मालक गवंडीकाम करायचे, ते गेले अन् मी शाळेत खिचडी शिजवायला लागले. बारा वर्षं झाली बघा. बारा वर्षांत चमचाभर तेल घरी नेलं असंल तर माझे हात झडोत.

अन् मलाच चोर म्हणले! काय सांगू ताई तुम्हाला, अजून अंगाचा तिळपापड होतो. हेडसर नवीन आलेले, लई शिकलेले. तेल येतं पंधरा लिटर, ते आम्ही पिंपात ओततो. त्या दिवशी सरांनी काटा आणला, पिंपाचं वजन वजा केलं, तर तेल भरलं साडेतेरा किलोच्या जरा वर. सर म्हणले, मावशी, आलं पंधरा, अजून फोडणी बी पडली नाय, मंग बाकीचं गेलं कुठं, घरी? पोरं ताटं घेऊन रांगेत उभी, माझी नात बी त्यातच, अन् सगळ्यांदेखत म्हणले, उद्यापासून येऊ नका.

पदर तोंडाला लावून निघून जाणारी मी नाय. म्हणलं, सर, आलं ते लिटर, तुम्ही मोजलं ते किलो. तर म्हणले, लिटर काय अन् किलो काय, एकच की. आता बोला! तिथंच लिटरचं माप घेतलं, पाणी भरून काट्यावर ठेवलं, मापाचं वजन सोडून भरलं एक किलो. तेच माप पुसून तेल भरलं, नऊशे दहा ग्रॅम. पुन्हा भरलं, पुन्हा नऊशे दहा. म्हणलं, करा पंधरा पट. सर बोटांवर मोजत बसले, मीच सांगितलं, तेरा किलो साडेसहाशे, पिंपात हाय तेवढंच. तेल पाण्यावर तरंगतं हे तुम्हीच फळ्यावर शिकवता ना, हलकं हाय म्हणूनच तरंगतं ना?

मंग सरांनी मला कोठीत नेलं, दार लोटलं, हळूच म्हणले, चुकलं माझं, या उद्यापासून, झालं ते विसरून जा. मी म्हणलं, चोर म्हणले तवा दार लोटलं नव्हतं, माफी बी रांगेसमोर मागा. सर दार उघडून हापिसात निघून गेले.

जाते मी रोज. लेकरांच्या पोटाचा काय गुन्हा? पोरांच्या आधी सरांनी चव बघायची असा नियम हाय, ते आले की पळी त्यांच्या हातात देते, घ्या म्हणते तुमच्या हातानं, मी वाढत नाय. देव त्यांना पोराबाळांत सुखी ठेवो, माझ्या मनात वाईट नाय. पण एकदा त्यांनी रांगेसमोर तोंड उघडावं. माझ्यासाठी नको. नात आता शाळेत जेवत नाय हो, घरून डबा नेते.