‘गंज’चा अल्बम आणि माझ्या गाद्या

...नाही, पण मला एक सांगा, गादीचं काम काय? माणसाने तिच्यावर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, संपला विषय! तिला भिंतीला उभी करायची, समोर गिटार किंचाळवायची आणि तो सगळा आवाज तिने मुकाट गिळायचा, हे तिचं काम आहे का? पण तुम्हाला सांगतो, गेलं वर्षभर माझ्या गोदामात हेच चाललंय, आणि मी तोंड उघडलं रे उघडलं की, “मेव्हणे, तुम्हाला नाही कळायचं!” नसेल कळत. आपल्याला काय, आपण गादीवाले.

तर हे “मेव्हणे” म्हणणारे म्हणजे आमचे दाजी, थोरल्या ताईचे यजमान. दाजी मेटलवाले. मेटल म्हणजे भांड्यांचं दुकान नव्हे हो, संगीत! म्हणजे दाजी म्हणतात संगीत. उभी हयात काळा टीशर्ट आणि कमरेपर्यंत केस. आता पुढचे केस गेलेत, पण मागे जे उरलेत ते हट्टाने कमरेपर्यंतच. ज्या बँडला यांनी नाव दिलं, ज्याच्यापायी डावा कान कामातून गेला, त्याच बँडने यांना एक दिवस सांगून टाकलं, “तुमची बोटं आता मंदावली, तुम्ही थांबा.” थांबा! तेही फोनवर, आणि नेमका डाव्या कानाला फोन, त्यामुळे त्यांना दोनदा सांगावं लागलं. दाजी त्यानंतर कित्येक दिवस अर्ध्या ताटावरून उठायचे. आणि मग एका सकाळी एकदम, “नवा बँड काढतोय! आणि मेटल नाही, हार्ड रॉक!”

म्हटलं फरक काय? तर म्हणे, “मेटलमध्ये नुसतं चिडायचं, हार्ड रॉकमध्ये चिडून वर नाचायचं.” बरं, म्हटलं नाव काय नव्या बँडचं? “गंज.” अहो, नवा आहे ना बँड? तर, “मेव्हणे, तुम्हाला नाही कळायचं!”

इथे ताई मधे पडली. ताई आमची शांत बाई, आवाज चढवत नाही, पण ती बोलली की कोर्ट उठलं. म्हणाली, “हा एक अल्बम करा. चालला तर आनंद आहे. नाही चालला तर गिटार माळ्यावर जाईल आणि तुम्ही धाकट्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.” धाकटा म्हणजे मी! मला विचारलं का कुणी? डोळ्यांपुढे चित्रच आलं माझ्या... गिऱ्हाईक विचारतंय, “पाठ दुखते हो, कुठली गादी घेऊ?” आणि दाजी सांगतायत, “दुखू द्या, दुखण्यातूनच काहीतरी बाहेर येतं!” म्हणजे बघा, अल्बम चालणं ही जेवढी त्यांची गरज होती, त्याच्या दुप्पट माझी होती. त्यांनी गोदाम मागितलं, मी किल्लीच देऊन टाकली.

का गोदाम? तर गाद्या आवाज पितात! सोमवारी दुकान बंद, त्या दिवशी रेकॉर्डिंग. चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या उभ्या, मधे ही मंडळी. गाणारी बाई शाळेत गणित शिकवते, एरवी इतकी मऊ बोलते, “दादा, पाणी मिळेल का?” आणि माइकसमोर गेली की वर्गात एकदम सगळे नापास झाल्यासारखी ओरडते! शिवाय एक रेकॉर्डिंगवाला, त्याचं आपलं नाक वर. पहिल्याच दिवशी मला म्हणतो, “ही स्प्रिंगची गादी बाहेर न्या, ही सूर लावतेय.” मी म्हटलं गादी? सूर? कान लावून बघतो तर खरंच हो! दाजींनी जाड तार छेडली की ती आतून गुणगुणायची. आपलं आयुष्य गेलं धंद्यात, पण गादी गाते हे आपल्याला माहीत नव्हतं.

पण आता ऐका. मी काही गाद्यांचं संग्रहालय काढलेलं नाही, मी गाद्या विकतो! एका वसतिगृहाची मोठी ऑर्डर लागली. दर आठवड्याला टेम्पो यायचा, गाद्या भरायचा, निघून जायचा. म्हणजे पहिलं गाणं झालं तेव्हा गोदाम गच्च भरलेलं, पुढच्या सोमवारी एक भिंत उघडी, त्याच्या पुढच्या सोमवारी दोन... मी सांगितलं! “दाजी, गाद्या कमी होतायत.” दाजी डोळे मिटून मान हलवतायत. रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं, तर तो नवा माइक घेऊन आलेला, म्हणे, “आवाज काय मोकळा येतोय बघा! माइक खुलतोय माझा!” माइक कसला खुलतोय, माझा माल हलतोय! पण आपल्याला काय, आपण गादीवाले.

शेवटच्या सोमवारी गोदाम रिकामं. नुसत्या भिंती आणि वर पत्रा. दाजी एकटे उभे, हळू गाणं, बोटांना घाई नाही कसली. शेवटचा सूर सोडला आणि तो जाईचना हो... पत्र्याला लागला, फिरला, माझ्यापाशी शटरजवळ आला, थांबला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सरळ सांगतो, बाहीने डोळे पुसले. या माणसाला थांबा म्हणाले होते लोक! मी शटर ओढताना जरा जास्तच जोरात ओढलं, कुणाला दिसू नये म्हणून.

अल्बम आला. आणि चालला! एका मोठ्या समीक्षकाने लिहिलं, “हा घुसमटीपासून मुक्तीपर्यंतचा प्रवास आहे. पहिल्या गाण्यात माणूस कोंडलेला आहे. शेवटच्या गाण्यात भिंतीच उरलेल्या नाहीत.” अहो, भिंतीच उरल्या होत्या! गाद्या नव्हत्या! आणि दाजी मुलाखतीत गंभीर चेहऱ्याने सांगतायत, “आवाज आम्ही टप्प्याटप्प्याने उघडत नेला. ठरवून.” ठरवून! वसतिगृहाच्या टेम्पोवाल्याला विचारा कोणी ठरवलं!

ताई खूश, दाजी पोटभर जेवतात, मीही म्हटलं सुटलो, गल्ला वाचला. कसला सुटतोय! दुसरा अल्बम सुरू झालाय ना... आणि तो याच पद्धतीने व्हायला पाहिजे. गोदाम भरायचं आणि एकेक गाण्यागणिक रिकामं करायचं. म्हणजे गाद्या खपल्याशिवाय गाणं पुढे सरकत नाही, म्हणून सगळे सुटीच्या दिवशी मदतीला दुकानात! गणितवाल्या बाई गिऱ्हाइकाला लांबी-रुंदी समजावतायत, ड्रमवाला प्रत्येक गादी थापटून बघतोय, आणि गल्ल्यावर दाजी. अल्बम पडला असता तर एकटे आले असते. चालला म्हणून अख्खा बँड आलाय!

बरं, निदान विकतील तरी? काल एक आजोबा आले, फोमच्या गादीवर आडवे झाले, डोळे मिटले, म्हणाले, “हीच द्या.” मी बिल करायला घेतो तोवर दाजींनी उजवा कान पुढे करून गादीशेजारी एक टाळी वाजवली, ऐकली, आणि आजोबांना हाताला धरून उठवत म्हणाले, “ही नाही मिळणार काका, ही पाचव्या गाण्यानंतर विकायचीय. त्या सुमाराला या.”

आपल्याला काय... आपण गादीवाले होतो.