गरब्याची बारीक रेघ

बेलापूरच्या दातांच्या दवाखान्यात नमिता नंबराची वाट बघत होती. मागच्या बाकावर साठीतलं जोडपं बोलत होतं. बाई सांगत होत्या,

“साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनला एक सरकारी साहेब होता म्हणे. बायकोच्या नाचाच्या मास्तरावर जळायचा आणि शॉर्टहँडमध्ये डायरी लिहायचा.”

“मला काय त्याचं?”

“सोमवारी तुम्ही तुमच्या डायरीत लिहिलंय, ‘गरबा क्लासच्या सरांशी अरुणा फार हसली.’”

“जन्मभर स्टेनो होतो मी, अरुणा. तुला कसं वाचता आलं?”

“शिकले. शॉर्टहँडमध्ये ‘ग’ आणि ‘ब’ची रेघ जाड हवी, तुमची बारीक पडलीय. ‘गरबा’चं ‘करपा’ झालंय.”

“शिकवलं कोणी?”

“सानपाड्याचे एक सर आहेत. अगदी हात धरून शिकवतात.”

नमिताला मागे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.